तोलामोलाचे स्थळ: जोडीदाराच्या निवडीमागचा हिशेब

मराठी घरात लग्नाची बोलणी सुरू झाली की काही शब्द हमखास कानावर पडतात. स्थळ ‘तोलामोलाचे’ असावे. ‘देण्याघेण्याचे’ आधीच स्पष्ट बोललेले बरे. अमक्याच्या मुलीने ‘नशीब काढले’ आणि तमक्याच्या मागण्या ‘जरा जास्तच’ आहेत. परिचयपत्रकात उंची, वर्ण, शिक्षण, नोकरी, पगार, स्वतःचे घर, शेती असे रकाने असतात आणि सगळ्यात शेवटी ‘अपेक्षा’. स्वतःचे लग्न स्वतः जमवणारी मंडळी या साऱ्याला नाके मुरडतात. पण ‘तुला याच्यापेक्षा चांगला मिळाला असता’ हे वाक्य त्यांच्याही मैत्रिणींच्या गप्पांत ऐकू येतेच. म्हणजे हिशेब तिथेही असतो, फक्त तो कागदावर मांडलेला नसतो.

हाच हिशेब समाजशास्त्रज्ञांनी साठ-पासष्ट वर्षांपूर्वी सिद्धांताच्या रूपात मांडला. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ जॉर्ज होमन्स यांनी १९५८ मध्ये एका निबंधात, माणसांच्या परस्पर वागण्याकडे देवाणघेवाण म्हणून पाहावे, असे सुचवले. ज्या नात्यातून काही मिळते ते माणूस टिकवतो, ज्यात केवळ झीज सोसावी लागते त्यातून तो हळूहळू अंग काढून घेतो, असे हे साधे सूत्र. इथे मिळणे म्हणजे पैसाच नव्हे. सोबत, मान, आधार, शरीरसुख, चारचौघांतील प्रतिष्ठा हे सारे मिळकतीत येते. वेळ, तडजोड, चिंता, अपमान, हातची गेलेली संधी हा खर्च. पुढे १९६४ मध्ये पीटर ब्लाऊ यांनी यात एक महत्त्वाचा भेद दाखवला. दुकानात वस्तूची किंमत ठरलेली असते. नात्यात मात्र आज केलेल्या मदतीची परतफेड कधी, किती आणि कशाने होणार हे ठरलेले नसते. म्हणून तिथे विश्वास लागतो. यालाच सामाजिक विनिमयाचा सिद्धांत म्हणतात.

आरोग्याच्या दृष्टीने हा विषय वरवर वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. जोडीदार निवडताना कोणते आजार लपवले जातात, कोणत्या तपासण्या टाळल्या जातात आणि मारहाण सोसूनही माणसे नात्यात का राहतात, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या हिशेबात दडलेली आहेत.

अपेक्षा आणि पर्याय

जॉन थिबॉ आणि हॅरल्ड केली या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये या हिशेबाला दोन मोजपट्ट्या दिल्या. पहिली म्हणजे परिचयपत्रकातला तो शेवटचा रकाना, ‘अपेक्षा’. नात्यातून आपल्याला काय मिळायला हवे याची प्रत्येकाच्या मनात एक पातळी असते. आईवडिलांचा संसार, आजूबाजूची जोडपी, आधीचे अनुभव, सिनेमा यांतून ती घडते. मिळणारे सुख या पातळीच्या वर असेल तर माणूस समाधानी, खाली असेल तर असमाधानी. एकाच प्रकारच्या संसारात एक बाई सुखी आणि दुसरी कष्टी का असते, याचे हे एक उत्तर.

दुसरी मोजपट्टी पर्यायांची. हे नाते सोडले तर पुढे काय? दुसरा जोडीदार मिळेल का, एकटे राहणे परवडेल का, माहेर दार उघडेल का? माणूस नात्यात राहतो की निघून जातो हे या दुसऱ्या मोजपट्टीवर ठरते. या दोन पट्ट्या वेगळ्या आहेत, हेच या मांडणीचे सार आहे. समाधानी नसलेला माणूस नात्यात टिकून राहू शकतो, आणि बऱ्यापैकी समाधानी असलेलाही दुसरीकडे अधिक चांगले दिसले तर निघून जाऊ शकतो. ‘टिकले म्हणजे चांगले चालले आहे’ असे मानण्याची आपली सवय इथे चुकते.

तोलामोल खरोखर पाहिला जातो का?

माणसे आपल्या तोलाचाच जोडीदार शोधतात का, हे तपासण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात इलेन वॉल्स्टर आणि सहकाऱ्यांनी एक गाजलेला प्रयोग केला. तो १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्याने प्रवेश घेतलेल्या ७५२ विद्यार्थ्यांसाठी नाचाचा कार्यक्रम ठेवला गेला. संगणक तुमच्या आवडीनिवडीनुसार जोडीदार निवडेल, असे त्यांना सांगितले होते. प्रत्यक्षात जोड्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा लावल्या होत्या. मुलगी मुलापेक्षा उंच नसावी एवढेच पाहिले होते. तिकीट घेताना सहायकांनी प्रत्येकाच्या रूपाला गुपचूप गुण दिले होते. मध्यंतरात विद्यार्थ्यांना जोडीदार कितपत आवडला, ते विचारले. निकाल काहीसा खट्टू करणारा होता. बुद्धी, गुणपत्रिका, स्वभावाच्या चाचण्या यांपैकी कशाचाही आवडीशी म्हणण्यासारखा संबंध दिसला नाही. जोडीदार जितका देखणा, तितका तो आवडला. स्वतःचे रूप बेताचे असलेल्यांनाही देखणाच जोडीदार हवा होता.

मग तोलामोलाची जोडपी येतात कुठून? याचे उत्तर नकाराच्या भीतीत आणि समोरच्याच्या निवडीत आहे. त्या कार्यक्रमात जोडीदार आयता समोर उभा होता, नकाराचा प्रश्नच नव्हता. प्रत्यक्षात हात पुढे करावा लागतो आणि तो झिडकारला जाऊ शकतो. न्यूयॉर्क, बोस्टन, शिकागो आणि सिएटल या शहरांतील ऑनलाइन जोडीदार शोधणाऱ्यांच्या संदेशांचा अभ्यास २०१८ मध्ये एलिझाबेथ ब्रुख आणि मार्क न्यूमन यांनी प्रसिद्ध केला. कोणाला किती आणि कोणाकडून संदेश येतात यावरून त्यांनी प्रत्येकाची ‘मागणी’ ठरवली. पुरुष काय, स्त्रिया काय, सरासरीने स्वतःपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक मागणी असलेल्यांना संदेश पाठवत होते. मात्र ही दरी जितकी मोठी, तितकी उत्तर येण्याची शक्यता कमी. हात वर जातो, पण जोड बहुधा बरोबरीच्याशी जमते.

कोलकात्याच्या जाहिरातींनी काय सांगितले?

आपल्याकडे या हिशेबात पाश्चात्त्य संशोधकांना न दिसणारा एक रकाना असतो, जातीचा. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो, मैत्रीश घटक आणि जीन लाफॉर्च्यून या अर्थशास्त्रज्ञांनी कोलकात्याच्या एका बंगाली दैनिकात विवाहविषयक जाहिराती देणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आलेल्या पत्रांपैकी कोणाला उत्तर द्यायचे हे ही कुटुंबे कशी ठरवतात, यावरून त्यांनी प्रत्येक गुणाचे वजन काढले. जातीबाहेर लग्न टाळण्यासाठी वधूपक्ष किती किंमत मोजायला तयार होता? अशिक्षित आणि पदव्युत्तर वर यांच्यात जेवढा फरक, तेवढी. वरपक्षासाठी हे वजन ‘अतिसुंदर’ आणि ‘बऱ्यापैकी’ मुलीतल्या फरकाच्या दुप्पट होते.

या अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष अधिक विचार करायला लावतो. शिकलेली, कमावती, देखणी मुले-मुली प्रत्येक जातीत मिळतातच. त्यामुळे जातीतच शोधायचे ठरवले तरी इतर बाबतींत कुटुंबाला फारसे गमवावे लागत नाही. आग्रह जबर, पण त्याची झळ कमी. म्हणूनच केवळ शिक्षण आणि उत्पन्न वाढल्याने हा आग्रह आपोआप सुटेल असे नाही. हुंड्यात तर विनिमय शब्दशः रोख होतो. त्याला १९६१ पासून कायद्याने बंदी आहे आणि तरीही ‘आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला जे द्यायचे ते द्या’ हे वाक्य बैठकीत अजून बोलले जाते.

रकान्यात न मावणारे

एवढे तोलून-मापून निवडलेल्या गोष्टी पुढे संसारात किती उपयोगी पडतात? समंथा जोएल आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ४३ वेगवेगळ्या अभ्यासांतील ११,१९६ जोडप्यांची माहिती एकत्र करून ती संगणकाकडून तपासून घेतली. बहुतेक जोडपी पाश्चात्त्य देशांतील होती, हे लक्षात ठेवायला हवे. नात्याचा दर्जा कशावरून सांगता येतो, हा प्रश्न होता. जोडीदाराचे उत्पन्न, वय, शिक्षण, स्वभावगुण हे सगळे मिळूनही उत्तरात फारशी भर पडत नव्हती. सर्वाधिक उपयोगी ठरलेल्या गोष्टी अशा: जोडीदार या नात्याशी बांधील आहे असे वाटणे, एकमेकांची कदर असणे, लैंगिक समाधान, जोडीदार आपल्याबरोबर सुखी आहे असे जाणवणे आणि भांडणांचे प्रमाण. व्यक्तीच्या बाजूने पाहिले तर स्वतःचे एकंदर समाधान आणि नैराश्याची लक्षणे यांना वजन होते. म्हणजे न ओळखलेले, उपचार न झालेले नैराश्य संसार पोखरू शकते. पत्रिका जुळवून ते बरे होत नाही. ‘लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल’ हा सल्ला इथे दोन माणसांचे नुकसान करतो.

ओळखीला वेळ मिळाला तर हिशेबही बदलतो. ल्युसी हंट, पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल यांनी २०१५ मध्ये १६७ जोडप्यांचा अभ्यास मांडला. भेटल्यावर लगेच प्रेमात पडलेल्या जोडप्यांमध्ये रूपाचा तोल बराच जुळलेला होता. आधी दीर्घकाळ मित्र असलेल्यांमध्ये तो तितका जुळत नव्हता. सहवासात माणसाचे असे गुण कळतात जे अर्ध्या तासाच्या कांदेपोह्यांत कळत नाहीत.

लपवलेल्या गोळ्या

विवाहाच्या बाजारात ‘किंमत कमी करणारी’ माहिती दडवण्याकडे कल असणारच. दुखणे हे त्यातले पहिले. अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, हे याचे ठळक उदाहरण आहे. योग्य औषधांनी सुमारे ७० टक्के रुग्णांच्या फिट पूर्णपणे थांबू शकतात. तरी मुलीच्या बाबतीत हा आजार सांगायचा नाही, असे अनेक घरांत ठरते. मग लग्न होते, गोळ्या माहेरी राहतात किंवा पर्सच्या तळाशी जातात. जागरण, उपास, धावपळ आणि बंद केलेले औषध एकत्र आले की फिट येण्याचा धोका वाढतो. अचानक औषध थांबवल्यास एकामागून एक फिट येऊन जिवावर बेतू शकते. त्यानंतर ‘आम्हाला फसवले’ हे भांडण सुरू होते ते वेगळेच.

गर्भारपणात तर हे लपवणे अधिकच महाग पडते. व्हॅल्प्रोएटसारखे औषध गर्भाला अपायकारक ठरू शकते. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच बदलावे लागते आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या दिवस राहण्यापूर्वीच सुरू कराव्या लागतात. घरात उघडपणे बोलता आले तरच हे शक्य आहे. नीट देखरेख असेल तर अपस्मार असलेल्या बहुतेक स्त्रियांना निरोगी बाळ होते. हिंदू विवाह कायद्यात वारंवार फिट येणे हा विवाहाला आड येणारा मुद्दा होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो काढून टाकला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारणही २०१९ मध्ये कायद्यातून गेले. वैद्यकशास्त्राने बऱ्या केलेल्या किंवा आटोक्यात आणलेल्या आजारांची किंमत कायद्याने कमी केली. समाजाच्या हिशेबात ती तशीच राहिली आहे. अंगावर कोड असलेल्या मुलीच्या वाट्याला आजही हेच येते. कोड संसर्गजन्य नाही आणि त्याने आयुष्य कमी होत नाही, तरीही.

दुसरीकडे, जी माहिती खरोखर उपयोगाची असते ती विचारलीच जात नाही. विदर्भातील अनेक जिल्ह्यांत आणि नंदुरबारसारख्या भागात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेलचा वाहक स्वतः सहसा निरोगी असतो. पण आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. थॅलेसेमियाचेही गणित असेच आहे. साध्या रक्ततपासणीने हे लग्नाआधी कळू शकते. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली असून तीत तपासणी, कार्ड आणि समुपदेशन यांवर भर आहे.

मात्र तपासणीही बाजारात उतरली की काय होते, याचा धडा ग्रीसमधील ऑर्कोमेनोस या गावाने दिला. तिथे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात गावकऱ्यांची सिकलसेल तपासणी करून प्रत्येकाला त्याचा अहवाल दिला गेला. पुढे लक्षात आले की वाहकांकडे ‘दोष असलेले स्थळ’ म्हणून पाहिले जाऊ लागले आणि काही जणांनी लग्न जमावे म्हणून आपला अहवाल लपवला. तपासणी झाली, पण तिचा हेतू साधला नाही. म्हणून वाहक असणे हा दोष नाही, ही गोष्ट अहवालाआधी समजावून सांगावी लागते. वाहकाने वाहक नसलेल्या व्यक्तीशी लग्न केले तर मुलांना हा आजार होण्याची भीती नसते. दोघेही वाहक असले तरी गर्भजल तपासणीसारखे मार्ग उपलब्ध आहेत.

‘ती घर का सोडत नाही?’

या सिद्धांताचा सर्वात मोलाचा उपयोग एका कठीण प्रश्नाच्या उत्तरासाठी होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी मदत मागितली होती. जखम शिवून घेऊन त्याच घरी परतणाऱ्या बाईबद्दल दवाखान्यातही कुजबुज होते: ‘एवढे होऊनही ती राहतेच कशी? तिलाच चालत असेल.’

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरिल रझबल्ट यांनी १९८० पासून या प्रश्नाचा पाठपुरावा केला. समाधान आणि पर्याय यांच्या जोडीला त्यांनी तिसरी गोष्ट जोडली, गुंतवणूक. नात्यात घातलेली वर्षे, मुले, दागिने, एकत्र घेतलेले घर, सोडलेली नोकरी, जोडलेले नातेवाईक हे सारे नाते तोडले की बुडते. नंतर २००३ मध्ये ५२ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा नात्याविषयीच्या बांधिलकीतील चढउतारांपैकी सुमारे दोनतृतीयांश चढउतार या तीन गोष्टींनी समजावता येतात, असे दिसले. रझबल्ट आणि जॉन मार्ट्झ यांनी १९९५ मध्ये मारहाण झाल्याने आधारगृहात आलेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी कोण परत नवऱ्याकडे गेल्या? ज्यांच्याकडे पैसा, शिक्षण, साधने कमी होती आणि ज्यांची नात्यातली गुंतवणूक मोठी होती त्या. त्यांना मार चालत होता म्हणून नव्हे.

आपल्याकडे हे चित्र ओळखीचे वाटेल. माहेरी भावजय आहे, वडील थकलेत, मुलांची शाळा आहे, हातात स्वतःचा पैसा नाही, ‘दिल्या घरी सुखी राहा’ हे बालपणापासून ऐकलेले आहे. अशा बाईला ‘तू सोडून का देत नाहीस?’ असे विचारणे म्हणजे तिच्याकडे नसलेल्या पर्यायाचा जाब विचारणे आहे. खरा प्रश्न असा हवा, की तिच्या पर्यायांत आपण काय भर घालू शकतो? स्वतःच्या नावाचे बँक खाते, कागदपत्रांच्या प्रती सुरक्षित ठिकाणी, एखादे कौशल्य, माहेराने स्पष्टपणे दिलेला ‘केव्हाही ये’ हा शब्द. या गोष्टी संसार मोडण्यासाठी नसतात. बाईला सुरक्षितपणे निर्णय घेता यावा यासाठी असतात. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या २००५ च्या कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. महिलांसाठी १८१ ही मदतवाहिनी आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सखी केंद्रे आहेत. मारहाणीच्या जखमांची नोंद रुग्णालयात नीट करून घेतली तर ती पुढे कामी येते.

हिशेबवही कुठे मिटावी?

मग प्रत्येक नाते हा व्यवहारच का? मार्गारेट क्लार्क आणि जडसन मिल्स यांनी १९७९ पासून दाखवून दिले की माणसे दोन प्रकारची नाती वेगवेगळ्या रीतीने वागवतात. ओळखीच्या माणसाने केलेल्या मदतीची लगेच परतफेड केली की बरे वाटते. पण ज्याच्याशी जवळीक हवी आहे, त्याने तशी तत्काळ परतफेड केली की ती टोचते. शेजाऱ्याने साखरेची वाटी भरून परत दिली तर ठीक. नवऱ्याने चहाचे पैसे टेबलावर ठेवले तर बायकोला काय वाटेल? जवळच्या नात्यात गरज पाहून दिले जाते, हिशेब पाहून नव्हे.

शिवाय आपला हिशेब फारसा अचूकही नसतो. मायकेल रॉस आणि फिओर सिकोली यांनी १९७९ मध्ये पती-पत्नींना घरातील निरनिराळ्या कामांतला आपापला वाटा विचारला. बहुतेक कामांत दोघांच्या आकड्यांची बेरीज शंभराच्या वर गेली. आपण केलेले डोळ्यांसमोर असते, दुसऱ्याने केलेले नजरेआड होते. एकाच घरात नोकरी, स्वयंपाक, मुले आणि सासूबाईंची औषधे सांभाळणाऱ्या बाईची तक्रार मात्र हा केवळ भास म्हणून उडवून लावू नये. एकतर्फी ओझे सतत वाहणे आणि कधीमधी वही उघडणे, यांत फरक आहे. वही वारंवार उघडावीशी वाटू लागली तर बहुधा कुठेतरी कदर कमी पडत असते किंवा खरोखरच अन्याय होत असतो. त्याविषयी दोघांनी बोललेले बरे.

लग्न ठरवताना रकाने भरले जाणारच. त्यांत थोडी भर घालता येईल. दोघांनीही थॅलेसेमिया, सिकलसेल आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी आणि ती एकाच बाजूने मागू नये. चालू औषधे एकमेकांना सांगावीत. पहिल्या भेटीत होकार-नकार न देता चार-सहा भेटी होऊ द्याव्यात. त्यांत पगाराऐवजी काही साध्या गोष्टी पाहाव्यात. घरात कोणी आजारी पडले तर हा किंवा ही काय करते? चूक झाल्यावर माफी मागता येते का? वाढप्याशी, रिक्षावाल्याशी बोलण्याचा सूर कसा आहे? ‘नाही’ ऐकल्यावर चेहरा कसा होतो? या प्रश्नांची उत्तरे परिचयपत्रकात छापलेली नसतात, पण पुढची तीस-चाळीस वर्षे रोज उपयोगी पडतात.